ओपिओइड की साधी वेदनाशामक गोळी?

डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखं ओपिओइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं जोरदार वेदनाशामक, लिहून दिलं असेल, तर आधी दोनच गोष्टी विचारा: हे माझ्या कुठल्या दुखण्यासाठी आणि बंद कधी करायचं?

मोठी शस्त्रक्रिया, मोडलेलं हाड, कॅन्सर अशा वेदनेत ओपिओइडला तोड नाही. मेंदू आणि मज्जारज्जूत ते वेदनेचा निरोपच अडवतं. पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन तिथे एकटं पुरत नाही. पण जोडीला दिलं तर ओपिओइड कमी लागतं. माझ्या वडिलांना कॅन्सरमध्ये मॉर्फिन सुरू झालं तेव्हा ‘सवय लागेल’ या भीतीने आम्हीच दोन दिवस गोळ्या लांबवल्या. कूस बदलताना ते उशीचं टोक मुठीत आवळून धरायचे. गोळी वेळेवर मिळू लागली आणि ते रात्रभर झोपले. ते दोन दिवस मला अजून सलतात.

जुनी कंबरदुखी किंवा झिजलेला गुडघा असेल तर मात्र मी ओपिओइडच्या वाटेला जाणार नाही. 2018 मध्ये अमेरिकेत असेच त्रास असलेल्या 240 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ओपिओइड घेणाऱ्यांची हालचाल इतर वेदनाशामकं घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली नव्हती, दुखणं उलट थोडं जास्तच होतं. दाढ काढल्यावरही आयबुप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल मिळून बहुतेकांना पुरतं.

साध्या गोळ्याही निर्धोक नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला आणि हृदयाला धोका असतो. पॅरासिटॅमॉल मोठ्या माणसाने दिवसाला 4 ग्रॅमपुढे घेतलं तर यकृतावर बेतू शकतं.

ओपिओइडचा धोका वेगळाच: जास्त डोसने श्वास मंदावत थांबू शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर हा धोका आणखी वाढतो. माणूस हलवूनही जागा होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, तर क्षणही न दवडता अँब्युलन्स बोलवा. नालोक्सोन हा त्यावरचा उतारा आहे. फेंटानिल या ओपिओइडच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध भराभर अंगात शिरतं. मळमळ, गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र जात नाही. म्हणून पहिल्या दिवसापासूनच रेचक मागून घ्या.

काही आठवडे रोज घेतल्यावर शरीर त्यावर अवलंबून राहू लागतं. हे व्यसन नव्हे, पण गोळी एकदम बंद केली तर घाम, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्या.