२८,६५० रुपयांचे पांढरे दगड

आधी आकडाच सांगून टाकतो, तो लपवत बसलो की जास्त जळतं. २८,६५०. सव्वा महिन्यात एवढे रुपये मी एका माणसाला दिले, स्वतःच्या हाताने, स्वतः यूपीआय पिन टाकून. बदल्यात माझ्या माशांच्या टाकीसाठी घरी आले पाच जिवंत प्रवाळ, म्हणजे कोरल. त्यातला शेवटचा अकराव्या दिवशी गेला.

‘शौक झेपत नाही तर करायचा कशाला’ असं म्हणणारे आहेतच, घरातसुद्धा आहेत. त्यांना सांगतो की साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मी तीन वर्षं सांभाळतोय. मे महिन्यात मुलुंडच्या आमच्या वन-बीएचकेत माणसं पंख्याखाली घाम पुसत असतात आणि मासे चिलरच्या, म्हणजे पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राच्या, २६ अंशांत असतात. आरओ-डीआय फिल्टरने गाळलेलं पाणी, त्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) शून्य. खारटपणा १.०२५, कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८ डीकेएच, सगळं वहीत तारखेनिशी लिहिलेलं. अ‍ॅक्रोपोराला, म्हणजे फांद्यांच्या नाजूक प्रवाळाला, उत्तम पाणी लागतं असं सगळे सांगतात. खरं म्हणजे त्याला रोज *तेच* पाणी लागतं. अल्कलिनिटी एका दिवसात एक-दीडने वरखाली झाली की टोकं जळतात, आणि छोट्या टाकीत पाणीच कमी असल्यामुळे ती पटकन हलते. म्हणून मी डोसिंग, म्हणजे पाण्यात क्षार घालणं, एकदम न करता सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं करतो. हे एवढं सगळं लिहितोय, कारण पुढे त्या माणसाने ‘दादा, तुमचं पाणीच खराब’ म्हणून हात झटकले, आणि ते मला पैशांपेक्षा जास्त झोंबलं.

त्या विक्रेत्याचा नंबर कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारातल्या एका ओळखीच्याने दिला. बोलणं गोड. ‘जंगली माल मी विकत नाही दादा. सगळे फ्रॅग माझ्या टाकीतले, आठ महिने वाढवलेले.’ फ्रॅग म्हणजे प्रवाळाचा तोडून चकतीवर चिकटवलेला तुकडा. फोटो पाठवले ते निळ्या लाइटखालचे. निळ्या लाइटखाली काय हो, भाजीतला कोबीसुद्धा चमकेल. पांढऱ्या लाइटमधला, आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवलेला व्हिडिओ मागा. देत नसेल तर फोन ठेवा.

तीन अ‍ॅक्रोपोरा प्रत्येकी ४,५००. एक बर्ड्सनेस्ट २,८००. एक माँटिपोरा २,२००, हेही प्रवाळाचेच प्रकार. पॅकिंगचे ७५०. आणि ‘पेपर’चे ३,०००. या पेपरचं नंतर सांगतो, ते स्वतंत्र दुखणं आहे. एकूण २२,२५०, सगळे आगाऊ. डिलिव्हरी दादर स्टेशनच्या पुलावर. संध्याकाळच्या गर्दीत एका पोराने थर्माकोलचा डबा हातात कोंबला आणि तो गर्दीत दिसेनासा झाला.

आता तो क्षण. रोज रात्री अंथरुणावर पडलो की हाच आठवतो.

डबा उघडला, पिशव्या तापमान जुळायला टाकीत तरंगत ठेवल्या. माझी दहा वर्षांची लेक काचेला नाक लावून बसली होती. ती म्हणाली, ‘बाबा, याचं बूड एवढं पांढरं का?’ मी पाहिलं. सिमेंटची चकती कोरी करकरीत, काल दुकानातून आणलेल्या टाइलसारखी. प्रवाळ आठ महिने टाकीत वाढलेला असेल तर त्याचं मांस खाली उतरून चकतीवर पसरतं, तिला कवटाळतं, आणि चकतीवर गुलाबी-जांभळ्या शैवालाचा थर चढतो. इथे गोंदाचा पांढरा फुगा होता, त्यावर तुकडा उभा केलेला. फांदीच्या बुडाशी तुटलेल्या हाडाचा कोरा काप दिसत होता. मी गोंदावर नख दाबलं. नख आत गेलं.

म्हणजे तुकडा कुठल्या तरी समुद्रातून ओरबाडून आदल्या रात्री चिकटवला होता. हे मला कळत होतं. तरीही मी लेकीला काय सांगितलं? ‘अगं, नवीन चकतीवर बसवून दिलाय काकांनी.’ पोरीला दिसलं, बापाने डोळ्यांवर कातडं ओढलं. पैसे गेलेले असले की माणूस स्वतःचा वकील होतो.

तिसऱ्या दिवशी पहिला अ‍ॅक्रोपोरा बुडापासून सोलायला लागला. सकाळी ऑफिसला निघताना नखाएवढं पांढरं, रात्री परत आलो तर अख्खी फांदी हाडासारखी, आणि पाण्यात सालपटं तरंगत होती. असं सोलणं सुरू झालं की वाट बघू नका, तुकडा बाहेर काढा. मी एक रात्र थांबलो आणि साठ लिटरचं पाणी नासलं, सकाळी झिंगा उताणा पडला होता. आणि हो, आल्या आल्या डिपमध्ये, म्हणजे किडे मारायच्या औषधी पाण्यात, बुचकळून काढलं म्हणजे झालं असं समजू नका. डिपने चपटे किडे मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत.

फोन केला तर आधी ‘दादा, तुमचं पाणीच खराब’, मग म्हणे रिप्लेसमेंट देतो, फक्त ‘नवीन लॉटचा फरक’ भरा, ६,४००. भरले. होय, भरले. त्यानंतर त्याचा फोन आजतागायत बंद आहे.

आता पेपर. तीन हजारांचा कागद पैसे बुडाल्यावर पहिल्यांदा नीट वाचला. एका आयात बिलाची झेरॉक्स होती ती, आयातदाराचं नाव काळ्या मार्करने खोडलेलं, आणि माल काय तर शोभेचे मासे. प्रवाळाचा शब्दही नाही. कागद पैसे देण्याआधी वाचायचा असतो, हे मी, रोज ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासणारा माणूस, सांगतोय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. मग बँक. ‘सर, पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत.’ मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी हवालदाराने विचारलं, ‘दगड? दगडाला साडेचार हजार?’ आणि मागच्या बाकावरचे हसले. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी दीड तास बसवून अर्जावर ‘समुद्रातील शोभेचे दगड’ असं लिहून घेतलं. मी म्हटलं, साहेब, दगड नाही, जिवंत प्राणी आहे. तिथेच मी हात दाखवून अवलक्षण केलं. शेजारच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने मान वर केली. ‘प्राणी? मग परवाना दाखवा.’

कारण दगडी प्रवाळ, सगळेच्या सगळे, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंक्तीत. शिक्षा तीन ते सात वर्षं, शिवाय दंड. कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजीअलीचे प्रवाळ हलवायला खुद्द महापालिकेला वनखात्याची परवानगी काढावी लागली होती. हे मला अर्धवट माहीत होतं, ‘सगळेच घेतात’ म्हणून मी ते बाजूला सारलं होतं. अधिकारी शांतपणे म्हणाला, ‘अर्ज पुढे पाठवू? की घेऊन जाताय परत?’

घेऊन आलो परत. चोर मोकळा, आणि मी ठाण्यातून मान खाली घालून बाहेर. कायदा तोडणाऱ्याला धरायचं तर धरा ना, मलाही धरा, पण मग त्याचा नंबर तरी लिहून घ्या! कोणी घेतला नाही. त्या माणसाचा सगळा धंदा याच भरवशावर चालतो, की गिऱ्हाईक मूग गिळून बसणार. ‘पेपर आहे, काळजी नको’ असं कोणी म्हणालं की तिथेच ओळखा.

पाचही सांगाडे अजून घरात आहेत, माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून. मेलेला तुकडा बाळगणंही त्याच कायद्यात येतं म्हणतात. कचऱ्यात टाकायची हिंमत होत नाही. लेकीला त्यातला एक शाळेच्या प्रदर्शनात न्यायचा आहे, तिला रोज काहीतरी नवीन कारण सांगतो.