वळणाच्या मध्यावर पडणारा फरक : मधला डिफरन्शियल की क्लच?

चारही चाकांना ताकद पोहोचवणारी वेगवान गाडी घेऊ पाहणारे बहुतेक जण अश्वशक्ती पाहतात, शून्यापासून शंभरपर्यंतचे सेकंद पाहतात आणि माहितीपत्रकातील ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ या शब्दांपाशी निर्धास्त होऊन पान उलटतात. पहिल्या खेपेस मीही तेच केले. त्या शब्दांच्या आड एकमेकींशी फारसे नाते नसलेल्या तीन-चार यंत्रणा दडलेल्या असतात आणि गाडीचा स्वभाव त्यांतल्या नेमक्या कोणत्या यंत्रणेवर ठरतो, हे मला चार वर्षे एक प्रकारची गाडी चालवून आणि नंतर दुसऱ्या प्रकारची गाडी घेऊनच उमगले. पहिली गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आणि गरजेनुसार क्लचद्वारे मागची चाके जोडून घेणारी होती. सध्याची, म्हणजे गेली सहा वर्षे माझ्याकडे असलेली गाडी मध्ये कायमस्वरूपी डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देऊन ताकद वाटणारी गिअरची रचना) असलेली आहे. माझा कल कुठे आहे हे लपून राहणार नाही, तरी दोन्ही बाजू शक्य तितक्या सरळपणे मांडण्याचा प्रयत्न करतो.

आधी क्लचविषयी. इंजिन आडवे बसवलेल्या गाडीत गिअरबॉक्स पुढच्या चाकांना थेट जोडलेला असतो, तेथूनच एक शाफ्ट (फिरणारा दांडा) मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी तेलात बुडालेला मल्टी-प्लेट (अनेक चकत्यांचा) क्लच बसवलेला असतो. हाल्डेक्स हे या यंत्रणेचे सर्वांत परिचित नाव. १९९८ च्या सुमारास आलेल्या तिच्या पहिल्या पिढीत क्लच आवळणारा पंप पुढच्या-मागच्या शाफ्टच्या वेगातील फरकावरच चालत असे, म्हणजे आधी पुढची चाके थोडी तरी घसरल्याशिवाय मागच्यांना काही मिळत नसे. नंतरच्या पिढ्यांत विजेवर चालणारा पंप आला, आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर), स्टिअरिंगचा कोन व चाकांचे वेग पाहून संगणक क्लच आधीच आवळून ठेवू लागला. ‘गरज पडल्यास शंभर टक्के ताकद मागे’ हे वाक्य अशा गाड्यांबाबत हमखास ऐकू येते. ते खोटे नाही, पण पुढची चाके बर्फावर असतील तेव्हाच ते पूर्ण खरे ठरते, कारण पुढच्यांना काही पेलवत नसल्यामुळे उरलेले सगळे मागे जाते. मागचा शाफ्ट पुढच्यापेक्षा वेगाने फिरवणे मात्र या क्लचला जमत नाही, कारण तो फार तर दोघांना एकत्र बांधू शकतो.

मधल्या डिफरन्शियलचे तत्त्व याच्या उलट आहे. येथे ताकद आधी मध्यभागी येते आणि तेथून पुढे-मागे कायम वाटली जाते. कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या ऑडी क्वाट्रोमध्ये हा डिफरन्शियल साधा होता आणि तो चालकाने हाताने लॉक करायचा असे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा टॉर्सेनने घेतली. टॉर्सेनमध्ये वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेले गिअर असतात. वर्म आपल्या चक्राला सहज फिरवतो, चक्राला मात्र वर्म फिरवणे जड जाते, आणि या एकतर्फी हट्टातूनच घसरणाऱ्या अक्षाकडून (चाकांच्या जोडीकडून) कमी वेगाने फिरणाऱ्या अक्षाकडे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वळतो. त्यासाठी कोणताही सेन्सर किंवा पंप लागत नाही, दातांमधील घर्षणाने काम होते. समजा एखाद्या टॉर्सेनचे प्रमाण तीनास एक आहे. पुढची चाके ओल्या पट्ट्यावर १०० न्यूटन-मीटर टॉर्कच पेलू शकत असतील, तर मागच्यांना ३०० पर्यंत मिळू शकतात. यातच त्याची मर्यादाही आहे, कारण शून्याच्या तिप्पट शून्यच होते. एखादे चाक हवेत उचलले गेले की टॉर्सेन हतबल होतो आणि त्या चाकाला ब्रेक लावून त्याला मदत करावी लागते. सुबारू इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या उत्तरार्धातील पिढ्यांनी वेगळी वाट काढली. त्यांत मध्ये गिअरचा डिफरन्शियल असे आणि तो कमी-अधिक घट्ट करायला जोडीला क्लच असे. सुबारूमध्ये तर हा घट्टपणा चालकाला अंगठ्याने एक छोटे चाक फिरवून ठरवता येत असे.

येथे एक विषयांतर आवश्यक वाटते. गाडीच्या मागे लावलेल्या नावावर विसंबू नये. ‘क्वाट्रो’ हे नाव उभ्या इंजिनाच्या ऑडीत टॉर्सेनसाठी वापरले गेले, आडव्या इंजिनाच्या ऑडी टीटीमध्ये हाल्डेक्ससाठी वापरले गेले, आणि २०१६ पासून ‘अल्ट्रा’ या जोडनावासह उभ्या इंजिनाच्या काही गाड्यांतही मागणीनुसार जुळणाऱ्या क्लचसाठी वापरले गेले. एकच नाव आणि तीन वेगळी यंत्रे, त्यामुळे विचारायचे ते यंत्राविषयी विचारावे.

आता मला निर्णयापर्यंत नेणाऱ्या त्रासाविषयी. तो ऐकायला क्षुल्लक वाटेल. पावसाने ओला झालेला घाटरस्ता आहे, लांबलचक आणि शेवटाकडे आवळत जाणारे वळण आहे, आणि मध्येच समोर काहीतरी दिसल्यामुळे आपण थ्रॉटलवरून पाय थोडासा उचलतो. धोका नसल्याचे लक्षात येताच पाय पुन्हा खाली जातो. एवढीच घटना, आणि कोणत्याही घाटात ती दहा-वीस वेळा घडते. माझ्या पहिल्या गाडीत पाय उचलताच क्लच सैल होत असे, कारण वेग कमी होताना चारही चाके मोकळी असणे ब्रेक आणि स्थैर्य-नियंत्रण यांना सोयीचे असते, शिवाय इंधनही वाचते. पाय पुन्हा दाबला की पहिला घास पुढच्या चाकांना मिळे, आणि ती आधीच वळण्याच्या कामात गुंतलेली असल्याने गाडीचे नाक किंचित बाहेर सरके. मी साहजिकच स्टिअरिंग थोडे अधिक वळवत असे. नेमक्या त्याच वेळी क्लच पुन्हा आवळला जाई, मागची चाके ढकलू लागत आणि नाक आत घुसे, म्हणजे मी नुकतेच वळवलेले स्टिअरिंग आता जास्तीचे ठरे आणि मला ते परत सोडावे लागे. एका वळणात दोन दुरुस्त्या होत, आणि दुसरी दुरुस्ती माझ्या पहिल्या दुरुस्तीची असे. शेजारी बसलेल्याला आपण प्रत्येक वळण दोनदा घेत आहोत असे वाटे, आणि तशी तक्रारही माझ्याकडे एकाहून अधिक वेळा आली.

पहिले काही महिने मी स्वतःला दोष दिला, आणि माझा पाय फार नाजूक नाही हे आजही नाकारत नाही. मग टायर बदलले, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, मागच्या क्लचमधील तेल बदलले. दुरुस्ती करणाऱ्याने संगणक जोडून पाहिला आणि यंत्रणेत काहीही दोष नाही असे सांगितले. तो बरोबरच होता. दोष नव्हता, तो तिचा स्वभावच होता. उशीर किती होता हे मी कधी मोजले नाही. सेकंदाचा एखादा लहानसा अंश असेल. पण तो अंश हातांना कळत होता, आणि हातांना एकदा कळलेली गोष्ट पुढे चार वर्षे कळतच राहिली.

सध्याची गाडी त्याच घाटांत, त्याच पावसात आणि त्याच पायाने चालवताना ही दुसरी दुरुस्ती करावी लागत नाही. पाय उचलला तरी जोडणी सुटत नाही, पुन्हा दाबला तरी जोडणी व्हायची बाकी नसते. वळणात पुढची चाके मोठ्या वर्तुळावर धावत असल्याने पुढचा अक्ष मागच्यापेक्षा किंचित वेगाने फिरतो, आणि टॉर्सेन कमी वेगाच्या अक्षाकडे झुकत असल्यामुळे थ्रॉटल दाबताच टॉर्कचा मोठा वाटा आपोआप मागे जातो. नाक बाहेर सरकतच नाही असे मी म्हणणार नाही. फार जोर केला तर ते सरकते, पण एकाच दिशेने सरकते आणि तेथेच राहते, त्यामुळे त्याच्याशी जुळवून घेता येते.

क्लचच्या बाजूने बोलायचे तर नव्या गाड्यांशी माझ्या जुन्या गाडीची तुलना करणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये मागचा डिफरन्शियल काढूनच टाकला होता आणि प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र क्लच दिला होता. शिवाय मागच्या बाजूचे गिअर पुढच्यापेक्षा किंचित वेगाने फिरतील असे ठेवले होते. वळणात बाहेरच्या बाजूचे मागचे चाक मुळातच वेगाने फिरत असल्याने त्याला ढकलायचे तर शाफ्टला त्याच्याही पुढे असावे लागते, आणि ती सोय या लहानशा फरकाने होते. २०१९ ची मर्सिडीज-एएमजी ए४५ एस आणि २०२१ ची ऑडी आरएस३ यांतही मागे असे दोन क्लच आहेत. अशीच दोन क्लचची एक गाडी मित्राने मला दिवसभर चालवायला दिली होती. बाहेरचे मागचे चाक गाडीला वळणात लोटते हे स्पष्ट जाणवते, आणि माझी जुनी तक्रार चार आणे उरली असेल, फार तर सहा आणे. ही गाडी मला आधी भेटली असती तर हा लेख वेगळा झाला असता, हे मान्य करायला हवे.

मागच्या चाकांवर चालणारी आणि क्लचद्वारे पुढची चाके जोडून घेणारी यंत्रणा ही माझी दुसरी पसंती. १९८९ च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरमध्ये ती अटेसा ई-टीएस या नावाने आली. नेहमी मागची चाके चालत, आणि घसरण वाढली की निम्म्यापर्यंत टॉर्क पुढे जाई. २०१७ ची बीएमडब्ल्यू एम५ आणि त्याच पिढीची मर्सिडीज-एएमजी ई६३ एस याच कुळातल्या आहेत, आणि दोन्हींत पुढची चाके पूर्ण मोकळी करण्याचीही सोय आहे. उशीर येथेही असतो, पण पहिला घास मागच्या चाकांना मिळत असल्याने तो वेगळ्या तऱ्हेने जाणवतो. आधी मागचा भाग किंचित सैल होतो, मग पुढची चाके ओढून गाडी सरळ करतात. या क्रमाशी हात लवकर जुळतात. उत्साही माणसाला तो आवडतोही. मात्र अरुंद वळणात कमी वेगाने जाताना क्लच आवळलेला राहिला, तर वेगाने फिरू पाहणारी पुढची चाके अडकल्यासारखी वाटतात, म्हणून अशा वेळी यंत्रणा तो सैल ठेवते. २०११ च्या फेरारी एफएफने तर पुढच्या चाकांसाठी इंजिनाच्या पुढे दोन गिअरची वेगळी पेटीच बसवली होती, आणि ती पहिल्या चार गिअरपर्यंतच काम करी. ते यंत्र पाहून मला कौतुक वाटते, विकत घेण्याचा प्रश्न मात्र उद्भवत नाही.

दोन मोटारींच्या विजेच्या गाड्यांत शाफ्टही नाही आणि क्लचही नाही, त्यामुळे उशीर जवळपास नाहीच. पण पुढच्या मोटारीची न वापरलेली ताकद मागच्या चाकांना उसनी देता येत नाही, आणि गाडीचे वजन वळणात विसरता येत नाही. या वर्गाचा माझा अनुभव तोकडा असल्याने अधिक बोलत नाही.

मधल्या डिफरन्शियलचे दोषही सांगायला हवेत. ऑडीसारख्या रचनेत इंजिन पुढच्या अक्षाच्याही पुढे लटकते, त्यामुळे नाक जड होते. डिफरन्शियल आणि शाफ्ट सतत फिरत असल्याने इंधन थोडे जास्त लागते, आणि रोज सरळ महामार्गावर जाणाऱ्याला त्या बदल्यात काहीच मिळत नाही. टॉर्सेनबाबत आणखी एक गोष्ट आहे. मागची चाके घसरून पुढच्यांपेक्षा वेगाने फिरू लागली की टॉर्कचा झोक क्षणात पुढे उलटतो, आणि अगदी टोकाला जाऊन चालवणाऱ्याला तो खटकू शकतो. मला तो दोन-तीनदाच जाणवला आहे, तोही माझ्याच अतिउत्साहामुळे.

निवडीलाही मर्यादा आहेत. इव्होल्यूशन बंद झाली, आणि नव्या पेट्रोल डब्ल्यूआरएक्सची (इम्प्रेझाच्या कुळातल्या गाडीची) एसटीआय आवृत्ती काढणार नसल्याचे सुबारूने २०२२ मध्ये सांगितले. त्यामुळे मधला डिफरन्शियल हवा असेल तर बहुधा जुनी गाडी शोधावी लागते किंवा ऑडी आरएस६ सारख्या मोठ्या आणि जड गाडीकडे वळावे लागते. तिच्यात सामान्यतः ४० टक्के टॉर्क पुढे व ६० टक्के मागे जातो, आणि गरजेनुसार ७० टक्क्यांपर्यंत पुढे किंवा ८५ टक्क्यांपर्यंत मागे जाऊ शकतो. आटोपशीर गाडीच हवी असेल तर मागे दोन क्लच असलेली घ्यावी. एकच क्लच असलेली गाडी वाईट असते असे नाही. सिग्नलवरून सुटताना आणि सरळ ओल्या रस्त्यावर ती माझ्या सध्याच्या गाडीइतकीच खात्रीची होती, आणि ज्यांचा प्रवास तेवढाच आहे त्यांनी माझ्या कुरकुरीकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

चाचणीसाठी गाडी हातात आली तर जोरात पळवून पाहण्यात वेळ घालवू नये. एखादे लांब आणि मोकळे वळण शोधावे, मध्यम वेगाने त्यात शिरावे, मध्यावर पाय क्षणभर उचलून पुन्हा सावकाश दाबावा आणि लक्ष फक्त हातांकडे ठेवावे. स्टिअरिंग एकदा हलले की दोनदा, एवढेच मोजायचे. रस्ता ओला असेल तर तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत उत्तर मिळते. कोरड्या रस्त्यावर मला माझ्या जुन्या गाडीतही ते पहिले दोन आठवडे मिळाले नव्हते.