जर्मन ट्रेन-बसमधलं बोलणं शिकवणारं ऑडिओ ॲप: रिव्ह्यू

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी यातला ट्रेन-बसचा भाग नक्की करा, व्याकरणाचा बाकी कोर्स नंतर केला तरी चालेल.

यात नुसती वाक्यं पाठ करून घेत नाहीत, ती कधी आणि कुठल्या सुरात बोलायची तेही ऐकवतात आणि मला हेच सगळ्यात आवडलं. रिकाम्या सीटशेजारी कुणी बसलं असेल तर धाडकन बसायचं नाही, आधी ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ (ही जागा रिकामी आहे का?) विचारायचं. गर्दीतून दाराकडे जाताना ढकलायचं नाही, ‘एन्टशुल्डिगुंग, डार्फ इश माल दुर्श?’ (माफ करा, जरा जाऊ का?) म्हणायचं, लोक लगेच बाजूला होतात. आजीआजोबांना जागा देताना ‘म्योष्टन झी झिश झेट्सन?’ (तुम्ही बसता का?), इथे ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’च हवं, अनोळखी मोठ्या माणसाला ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हणणं बरं दिसत नाही. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं, सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, हेही मधे मधे येतं.

कमी कुठे पडतं तर अनाउन्समेंटमध्ये. ‘बिटे आले आउसश्टायगन’ म्हणजे सगळ्यांनी उतरा, हे स्पीकरवर खरखरत येतं आणि ॲपमध्ये मात्र स्टुडिओतला स्वच्छ आवाज. तिकिटावर मशीनमध्ये शिक्का मारून घेण्याबद्दल तर एक अक्षर नाही, आणि शिक्का लागणारं तिकीट तसंच ठेवलं तर 60 युरो दंड बसू शकतो, म्हणजे हे पहिल्या धड्यातच हवं होतं! पुढच्या अपडेटमध्ये प्लीज टाका.