हायड्राचा जॅक गळतोय: कंपनी, अंबडचं वर्कशॉप की साईटवरचा मिस्त्री?

हायड्रा म्हणजे साईटवर भार उचलून नेणारी क्रेन. तिचा लांब हात, म्हणजे बूम, वर-खाली करणारा तेलाच्या दाबाचा सिलिंडर, म्हणजे बूम जॅक, ओला दिसायला लागला की मालकाच्या डोळ्यांसमोर तीन नंबर येतात. एक कंपनीच्या सर्व्हिसचा, दुसरा नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या हायड्रॉलिक वर्कशॉपचा आणि तिसरा त्या मिस्त्रीचा, जो सील किट (तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) डिकीत टाकून तासाभरात साईटवर हजर होतो. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांमुळे गाडी एक दिवस उभी राहिली तरी जीव खालीवर होतो, म्हणून हात आपोआप तिसऱ्या नंबरकडे जातो. माझाही गेला होता.

विल्होळीच्या साईटवर मिस्त्रीने रस्त्याकडेलाच जॅक खोलून सील बदलले. संध्याकाळच्या आत गाडी कामाला लागली, मी खूश. तीन आठवड्यांनी जॅकमधून आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडवर पुन्हा तेल. या वेळी मी स्वतः रॉड पुसून त्यावरून नख आडवं फिरवलं, तर खालच्या बाजूला एका ठिकाणी ते अडकलं. डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक उभी रेघ. रॉडवरची धूळ पुसणारा वायपर सील फाटला होता, धूळ आत गेली होती आणि ती रेघ प्रत्येक नवं सील कापत होती. मिस्त्रीने सील नीटच बसवलं होतं, दुखणं रॉडचं होतं.

म्हणून फोन लावण्याआधी बूमला भक्कम टेकू द्या, इंजिन बंद करा आणि ही नखाची परीक्षा घ्या. नख कुठेच अडकलं नाही तर नुसतं सील बदलून भागण्याची शक्यता मोठी. अडकलं तर रॉड ग्राइंड करून हार्ड क्रोम करावा (त्यावर क्रोमचा कडक थर चढवावा) लागणार, आणि ते मिस्त्रीच्या डिकीत मावत नाही. कंपनीकडे गेलात तर बहुतेक वेळा नवा जॅकच सुचवला जातो. रॉड वाकला असेल किंवा बॅरल, म्हणजे जॅकची बाहेरची नळी, आतून खोल खरवडला असेल तर तो सल्ला बरोबर आहे, एका रेघेसाठी मात्र महाग पडतो. इथे वर्कशॉपला तोड नाही. जॅक पूर्ण उघडतो, बॅरल आतून दिसतो, गरज असेल तर होनिंग होतं, म्हणजे आतली बाजू घासून गुळगुळीत करतात. गाडी दोन-चार दिवस उभी राहते, ते भाडं हिशेबात धरा.

पण वर्कशॉप म्हणजे नुसती पाटी नव्हे. जॅक जोडल्यावर तो तेलाच्या दाबावर तपासतात का आणि किती बारवर (बार हे दाबाचं माप), हे आधी विचारा. हवेवर तपासलेला जॅक मी तपासलेला धरत नाही. जॅक उघडतात ते टेबल कसं आहे, तेही बघा. शेजारीच ग्राइंडर ठिणग्या उडवत असेल तर चहा घ्या आणि निघा.

आता दुसरी तक्रार: बाहेर थेंब नाही, पण भार उचलून ठेवला की बूम हळूहळू खाली बसतो. इथे बरेच जण सरळ सील किट बदलून मोकळे होतात. दोष पिस्टनच्या सीलचा असू शकतो, तसाच लॉक व्हॉल्व्हमध्ये अडकलेल्या कचऱ्याचाही. हा लॉक व्हॉल्व्ह होजपाइप फुटला तरी बूम धरून ठेवतो, त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही. लॉक व्हॉल्व्ह, कंट्रोल व्हॉल्व्ह, पंप आणि भार दाखवणारी यंत्रणा यांसाठी मी कंपनीलाच बोलावतो. कंट्रोल व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा, म्हणजे स्पूल, आणि बॉडी यांच्यामधली फट काही मायक्रॉनची, केसाहून कितीतरी बारीक. पॉलिश पेपर मारून स्पूल मोकळा करून देणारे भेटतात. तो मोकळा होतो खरा, पण मग आतून गळत राहतो.

मिस्त्रीच्या बाबतीत माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ‘उचलत नाही’ म्हटलं की काही जण जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू अर्धा आटा आवळतात. गाडी लगेच उचलायला लागते आणि ऑपरेटर सलाम ठोकतो. पंप झिजलेला असेल तर तो तसाच झिजलेला राहतो, वर बूम, होज आणि दोर यांच्यावर ज्या भाराचा कधी हिशेबच झाला नव्हता तो येतो. दाब मोजणारं गेज न लावता त्या स्क्रूला हात लावणाऱ्याला मी पुन्हा बोलावत नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

काम कोणाकडूनही करून घ्या, जॅक उघडला की टाकीत परतणारं तेल गाळणारा रिटर्न फिल्टर बदला. इगतपुरीच्या पावसात महिनाभर राहिलेल्या गाडीच्या टाकीतलं तेल एकदा काचेच्या बाटलीत काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, मग नव्या सीलचा काही उपयोग नाही. आणि बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडीत घुसते. जखम टिकलीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो.

कागदाचाही विचार हवा. कारखान्यांतल्या उचल-यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी हवी, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 29 पासून चालत आलंय. मोठ्या कंपनीच्या गेटवर प्रमाणपत्र मागतात. तपासणीला येणाऱ्यापुढे वर्कशॉपचं बिल आणि दाबाच्या चाचणीची नोंद ठेवता येते. मिस्त्रीने रोख घेऊन केलेल्या कामाचं काय दाखवणार?

मिस्त्रीचा नंबर मी अजूनही ठेवलाय, होजपाइपसाठी. संध्याकाळी सात वाजता कसारा घाटाच्या अलीकडे होज फुटला तर वर्कशॉप बंद असतं आणि कंपनीचा माणूस सकाळी येणार. फक्त होज मशीनवर क्रिंप केलेला (टोकाचं फिटिंग दाबून घट्ट बसवलेला) आणि लागेल तेवढ्या दाबाचा आणायला सांगतो. क्लिप आवळून जोडलेला तुकडा घेऊन आला तर गाडी तिथेच रात्र काढते.