जुनी करिझ्मा, पल्सर २२० की सीबीआर २५०आर : लांबच्या प्रवासासाठी कोणती घ्यावी?

लांब पल्ल्याच्या प्रवासाची मनापासून आवड आहे, परंतु नव्या मोठ्या गाडीवर लाखांनी पैसे घालण्याची इच्छा किंवा ऐपत नाही, अशा माणसापुढे जुन्या बाजारात प्रामुख्याने तीन गाड्या येतात : हीरो होंडाची करिझ्मा, बजाजची पल्सर २२० आणि होंडाची सीबीआर २५०आर. तिघींनाही छातीवरचा वारा कमी करणारे पुढचे आवरण, म्हणजे फेअरिंग आहे, तिघींवरही बसण्याची ठेवण किंचित पुढे झुकलेली पण मनगटांना न छळणारी आहे आणि सामान व मागची व्यक्ती घेऊन दिवसाला तीन-चारशे किलोमीटर जाण्याची ताकद तिघींतही आहे. मी गेली अनेक वर्षे जुन्याच गाड्यांवरून सह्याद्रीचे घाट आणि कोकण हिंडत आलो आहे, आणि या तिन्ही गाड्यांवर पुरेसा प्रवास झाल्यामुळे निवड करू पाहणाऱ्याला उपयोगी पडेल असे काही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बहुतेक जण तुलनेची सुरुवात गाडी किती पळते यापासून करतात, परंतु महाराष्ट्रातल्या रस्त्यांचा विचार केला तर या प्रश्नाला फारसे महत्त्व उरत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू हे सर्वांत वेगवान रस्ते दुचाकींना बंद आहेत. आपल्या वाट्याला येतात ते खंडाळ्याचा जुना घाट, पुणे-बंगळुरू महामार्ग, मुंबई-गोवा महामार्ग आणि ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, आंबोली यांसारखे घाट, जिथे ऐंशी ते शंभरच्या दरम्यानचा स्थिर वेग हाच शहाणपणाचा वेग असतो आणि तो या तिन्ही गाड्या सहज राखतात. म्हणून जुन्या गाडीला विचारण्याचा खरा प्रश्न वेगळा आहे : घरापासून दोनशे किलोमीटरवर, दुपारच्या उन्हात किंवा पावसात ही गाडी बंद पडली, तर जवळच्या गावातला फिटर ती दुरुस्त करू शकेल का, आणि लागणारा सुटा भाग संध्याकाळपर्यंत हाती येईल का? पुढचे सगळे विवेचन मी या एका कसोटीभोवती ठेवले आहे.

करिझ्मा २००३ साली आली. २२३ सीसीचे, हवेवर थंड होणारे, कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा साध्या यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या भागाचे) साधे इंजिन, सुमारे १७ अश्वशक्ती, पाच गिअर, पुढे २७६ मिलिमीटरची डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक, असा तिचा सरंजाम आहे. कागदावर ती तिघींत सर्वांत अशक्त दिसते, परंतु ज्याने ती ऐंशी-नव्वदच्या वेगाने तासन्‌तास चालवली आहे त्याला तिचे मर्म कळते : इंजिनाला कोठेही घाई नसते, घाटात वारंवार गिअर पाडावा लागत नाही आणि तिचे लांबरुंद सीट मागे बसणाऱ्यालाही सुखाचे होते. पंधरा लिटरची टाकी असल्यामुळे, मला मिळणाऱ्या पस्तीसच्या आसपासच्या सरासरीने, पुण्याहून निघून पणजीपर्यंत मध्ये पेट्रोल न भरताही जाता येते. तिच्या इंजिनात असे काहीही नाही जे तालुक्याच्या गावातला अनुभवी फिटर उघडून पुन्हा बसवू शकणार नाही.

अडचण सुट्या भागांची आहे. २०१० च्या अखेरीस हीरो आणि होंडा यांनी विभक्त होण्याचे जाहीर केले आणि करिझ्मा हे नाव हीरोकडे राहिले. विभक्त होण्याच्या आधी आणि नंतर या नावाने आलेल्या सगळ्या गाड्या एकच आहेत असे समजण्याची चूक खरेदीदार सर्रास करतात. २००९ ची झेडएमआर फ्युएल इंजेक्शनची (विजेच्या पंपाने आणि सेन्सरच्या मदतीने इंजिनात पेट्रोल सोडणारी) होती आणि तिचे फेअरिंग पूर्ण होते, २०१४ मध्ये इंजिनात फेरफार होऊन ताकद वाढली, आणि २०२३ ची एक्सएमआर तर २१० सीसीची, पाण्यावर थंड होणारी, संपूर्णपणे निराळी गाडी आहे. तिचा एकही महत्त्वाचा भाग जुन्या करिझ्माला बसणार नाही. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन किट, केबल असे नेहमी लागणारे सामान आजही मिळते, परंतु फेअरिंगचे तुकडे, मीटर, मूळ कार्बोरेटर यांसाठी जुन्या बाजारात हिंडावे लागते आणि ओळखी जपाव्या लागतात. त्यातही मूळ टायर अठरा इंची, अरुंद आणि ट्यूबचे आहेत. पंक्चर झाले की चाक काढणे आले, आणि संध्याकाळी घाटात ते काम किती जड जाते हे एकदा केल्यावरच समजते.

पल्सर २२० ची गोष्ट नेमकी उलट आहे. ती २००७ मध्ये फ्युएल इंजेक्शनसह आली आणि २००९ मध्ये कार्बोरेटरवर गेली. खरेदी करायची ती ही दुसरी, कार्बोरेटरचीच. सुरुवातीच्या इंजेक्शनच्या गाड्या मुळातच कमी काळ विकल्या गेल्या, त्यामुळे त्यांचे खास भाग आणि ते जाणणारे हात दोन्ही दुर्मीळ आहेत. कार्बोरेटरची २२० मात्र सुमारे २१ अश्वशक्तीची, ऑइल कूलर असलेली, दोन्ही चाकांना डिस्क, सतरा इंची ट्यूबलेस टायर आणि प्रोजेक्टर हेडलाइट असलेली गाडी आहे, आणि पावसाळी रात्री मुंबई-गोवा महामार्गावर त्या हेडलाइटचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. कंपनीने २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबवले आणि २०२३ मध्ये ती पुन्हा बाजारात आणली, म्हणजे २०२० पासून तिच्यात पुन्हा इंजेक्शन आले तरी मूळ घडण तीच ठेवून ती इतकी वर्षे चालत राहिली. जुनी गाडी घेणाऱ्याला याहून मोठा दिलासा दुसरा नाही. सावंतवाडी असो, चिपळूण असो किंवा कराड, तिचे सामान मागितले तर दुकानदार आधी गाडीचे साल विचारतो आणि मग कपाटाकडे वळतो.

तिच्यावरचा प्रवास करिझ्माइतका निवांत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंजिनाला वरच्या फेऱ्यांत पळायला आवडते, नव्वदच्या पुढे हँडल आणि फूटरेस्ट यांतून कंप जाणवू लागतो, आणि तीन तासांनी हाताला चहाची गरज भासते. सीट दोन भागांत आहे, त्यामुळे मागच्या व्यक्तीची जागा तुलनेने आखूड आणि उंच आहे. या गाड्या बहुतेक वेळा तरुण मुलांच्या हाती गेलेल्या असतात, म्हणून दहा गाड्या पाहिल्या तर त्यांतल्या दोन-तीनच सांभाळलेल्या निघतात. लावलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कापलेला मागचा मडगार्ड, जोडकाम केलेल्या वायरी दिसल्या की किंमत कितीही कमी असली तरी पुढे जावे.

सीबीआर २५०आर ही तिघींत तांत्रिकदृष्ट्या सर्वांत पुढची गाडी आहे. २०११ पासून भारतात विकली गेलेली ही गाडी पाण्यावर थंड होते, तिला चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन आणि सहा गिअर आहेत, आणि इंजिनातला कंप मारण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट दिलेला आहे. २५ च्या पुढे अश्वशक्ती असल्यामुळे दोन माणसे आणि सामान घेऊन आंबोली चढतानाही ती दमलेली वाटत नाही. महामार्गावर शंभरला ती जितकी स्थिर असते तितकी दुसरी कोणतीही नाही. एबीएसच्या (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणाऱ्या व्यवस्थेच्या) आवृत्तीत मागचा ब्रेक दाबला की पुढच्या ब्रेकचाही काही भाग लागतो, आणि पावसात चिखल उतरलेल्या वळणावर ही व्यवस्था किती धीर देते हे मी अनुभवले आहे. शिवाय तिची विक्री २०२० पर्यंत चालू होती, त्यामुळे करिझ्माच्या मानाने तरुण वयाची गाडी मिळू शकते.

तथापि तिची टाकी तेरा लिटरचीच आहे, फेअरिंग मोठे असल्यामुळे उभ्या गाडीचा तोल जाऊन पडली तरी खर्च अंगावर येतो आणि रेडिएटर, पंखा, पेट्रोलचा पंप, सेन्सर यांच्यापैकी काही बिघडले तर लहान गावातला फिटर बहुधा हात लावत नाही. बॅटरी बसली तर कार्बोरेटरची गाडी बहुधा धक्का मारून सुरू करता येते. इंजेक्शनच्या गाडीत पंपालाच वीज लागते, म्हणून पूर्ण बसलेल्या बॅटरीवर धक्क्याचा भरवसा धरता येत नाही. ही गाडी घेणाऱ्याने तिची देखभाल शहरातच, वेळेवर आणि आधीच करून निघावे. बिघाड झाल्यावर दुरुस्त करू, हा विचार तिला चालत नाही.

तिघींनाही सारखाच लागू पडणारा एक मुद्दा पेट्रोलचा आहे. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते आणि या गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते, त्यामुळे पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून उभी केलेली गाडी टाकीत गंज आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) चिकटा घेऊनच दिवाळीला समोर येते. रबरी नळ्या आणि ओ-रिंगा लवकर कडक होतात. नळी हा स्वस्त भाग आहे, म्हणून गाडी घेतल्याबरोबर त्या बदलून टाकाव्यात, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून ठेवावे.

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला आधी सांगून ठेवावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावावा. ते गरम असेल तर थंड असताना सुरू व्हायला गाडी त्रास देते असे धरून चालावे. मग पुढचे चाक कोणाकडून तरी किंचित उचलून घेऊन हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडकत असेल तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला आहे. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन बोटांनी मागे ओढून पाहावी, आणि दात दिसण्याइतकी ती सुटत असेल तर संपूर्ण चेन किटचा खर्च किंमतीतून वजा करावा. टाकीचे झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत पाहावे. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर लांबच्या प्रवासाला चालत नाही. सीबीआर एबीएसची असेल तर चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून गाडी चालू लागल्यावर विझतो का ते पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल तर बिघाड झाकण्यासाठी तो काढून टाकल्याची शंका घ्यावी.

कागदपत्रांत चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावेत, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते तपासावे आणि हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या समोरासमोर घ्याव्यात. नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २००८ च्या करिझ्माची मुदत २०२३ मध्येच संपली. नूतनीकरण झालेले नसेल तर तपासणी, पर्यावरण कर आणि आरटीओच्या फेऱ्या खरेदीदाराच्या वाट्याला येतात. जुन्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही आता बंधनकारक आहे, तिची पावती मागावी.

जुन्या गाडीचे दुखणे बहुधा मोठ्या भागांत नसते. काही वर्षांपूर्वी आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना माझ्या तेव्हाच्या गाडीची क्लच केबल तुटली. दांडीपाशी जिथे केबलचे शिशाचे टोक बसते तिथली एकेक तार आठवडाभर तुटत होती, क्लच रोज थोडा सैल लागत होता, आणि मी प्रत्येक वेळी फक्त नट फिरवून तो घट्ट करत होतो. रबरी टोपण सरकवून एकदा पाहिले असते तर घरीच कळले असते. तेव्हापासून क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची नवी केबल मी जुन्या केबलला लागूनच ओवून ठेवतो आणि तिची टोके टेपने बंद करतो. एक तुटली की दुसरी जोडायला दहा मिनिटे पुरतात.

माझे मत विचाराल तर पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याने आणि वर्षातून चार-पाच मोठे प्रवास करणाऱ्याने कार्बोरेटरची पल्सर २२० घ्यावी, तीही शक्यतो २०१५ ते २०१९ मधली. नेहमी दोघांनी जायचे असेल, शहरात चांगला फिटर हाताशी असेल आणि एबीएसची सांभाळलेली सीबीआर मिळत असेल, तर तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला काही वावगे वाटत नाही. करिझ्मा मी त्यालाच सुचवीन ज्याला रविवारची सकाळ पाने-पक्कड घेऊन गाडीपाशी घालवायला आवडते आणि एखाद्या भागासाठी महिनाभर थांबण्याची तयारी आहे. अशा माणसाला ती जे समाधान देते ते उरलेल्या दोघी देत नाहीत.

गाडी कोणतीही घेतली तरी खरेदीच्या किंमतीच्या एक तृतीयांश रक्कम पहिल्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. ऑइल, प्लग, एअर फिल्टर, ब्रेकचे पॅड व ऑइल, पुढच्या शॉकअपचे सील, केबल आणि बॅटरी ही कामे एकदम करून घ्यावीत आणि त्यानंतरचे पहिले हजार किलोमीटर घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरातच चालवावेत. पुण्यातल्या माणसाला सिंहगड, मुळशी, भोर एवढा परिसर त्यासाठी पुरेसा आहे, आणि उरलेले दोष याच हजार किलोमीटरांत वर येतात.