नवीन मंडळीसाठी एरिया निवडून देणारी सर्व्हिस: साडेतीन स्टार, आणि ते का

आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, नऊ कुटुंबांना प्रार्थना करून पाठवायचं ठरवलं, लहान मुलं असलेल्या घरांसाठी नवीन मंडळी उभी करायला, आणि पहिल्याच मीटिंगला गाडी अडली ती कुठे या प्रश्नावर. कुणाला आपल्या घराजवळ हवी होती, कुणाच्या ओळखीचा हॉल होता. शेवटी पास्टर म्हणाले की एरियाचा अभ्यास करून देणाऱ्या एका सर्व्हिसकडून रिपोर्ट घेऊ, मग बोलू. सर्व्हिसचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी अशा कुठल्याही रिपोर्टला लागू आहेत आणि ज्यांना हेच काम करायचंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

आम्ही चार एरिया दिले. रिपोर्टमध्ये काय होतं तर वयोगटाप्रमाणे लोकसंख्या, घरात माणसं किती, स्वतःचं घर का भाड्याचं, नवीन बिल्डिंगा कुठे चालू आहेत, शाळा आणि पाळणाघरं, आधीपासून असलेली चर्चेस, आणि प्रत्येक एरियाला शंभरपैकी मार्क. एक गोष्ट तर मनापासून मान्य, माझा लाडका एरिया त्यांनी पहिल्याच पानावर बाद केला आणि बरोबर केला. तिथे संध्याकाळी नुसती तरुण पोरांची गर्दी असते, मला वाटायचं इथेच जायला हवं, पण आकडे बघितले तर एकेकट्या राहणाऱ्यांची घरं जास्त, पाच वर्षांखालची मुलं अगदीच थोडी, म्हणजे लग्न होऊन मूल झालं की लोक तिथून मोठ्या घरात निघून जातात. तरुण एरिया आणि तरुण कुटुंबांचा एरिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या एका तक्त्याने शिकवलं, त्यासाठी पूर्ण मार्क.

आता तक्रारी. पहिली म्हणजे डेटाचं वय. बऱ्याच देशांत जनगणना दहा वर्षांतून एकदा होते आणि हे रिपोर्ट बहुतेक त्याच्यावरच उभे असतात. आमच्या रिपोर्टमधली आकडेवारी आठ वर्षं जुनी होती, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. विचार करा, तेव्हा तीन वर्षांचं असलेलं पोरगं आता अकरा वर्षांचं झालंय! नवीन कॉलनीत साधारण एकाच वयाची जोडपी एकदम राहायला येतात आणि सगळी एकदमच मोठी होतात, त्यामुळे एक नंबरवर आलेला एरिया आम्ही जाऊन बघितला तर घसरगुंडी रिकामी आणि क्लासच्या बॅगा घेतलेली मोठी मुलं सगळीकडे. त्यांच्यासाठीही काम हवंच, पण आम्ही ज्या कामासाठी पाठवले गेलो ते हे नव्हतं. तेव्हा रिपोर्ट घेताना आधी डेटा कोणत्या वर्षाचा ते विचारा, आणि पाळणाघरं, बालवाड्या, लसीकरणाची सेंटर्स इथे स्वतः जाऊन बोला, त्यांना यंदाची मुलं माहीत असतात.

दुसरी, आणि ही जास्त लागली मला. त्यांनी एका हॉलभोवती पाच किलोमीटरचं गोल वर्तुळ काढून आत इतकी कुटुंबं आहेत असं लिहिलं. कागदावर छान दिसतं, पण त्या वर्तुळाच्या मधून रेल्वे जाते. मी रविवारी सकाळी धाकटीला बाबागाडीत घालून आणि मोठ्याचा हात धरून पलीकडच्या बाजूने चालत निघाले. पुलाला नुसत्या पायऱ्या, रॅम्प नाही. एका हातात गाडी, काखेत बाळ, मोठा म्हणतोय आई मला उचल, आणि पिशवीतली बाटली गडगडत खालच्या पायरीवर. एका काकांनी गाडी उचलून दिली म्हणून पोचले, हॉल समोर दिसत असताना पंचवीस मिनिटं लागली. अशा पुलावरून कुठलीही आई दर रविवारी येणार नाही, आणि तिने का यावं? वर्तुळाऐवजी त्यांनी वेळेचा नकाशा द्यायला हवा होता, पायी पंधरा मिनिटांत कुठून येता येतं, बसने किती, तेही रविवारच्या टाइमटेबलप्रमाणे.

सर्व्हिसच्या माणसाने आम्हाला रिक वॉरन या अमेरिकन पास्टरांचं उदाहरण दिलं, की त्यांनी जनगणनेचे आकडे बघून कॅलिफोर्नियातली सॅडलबॅक व्हॅली निवडली आणि 1980 च्या ईस्टरला पहिल्या जाहीर उपासनेला 205 लोक आले. खरंय, पण हे अर्धंच झालं. आकड्यांनंतर ते घरोघरी फिरले आणि तुम्ही चर्चला का येत नाही असं विचारलं, आणि त्या उत्तरांमध्ये एक हेही होतं की आमची मुलं तिथे नीट सांभाळली जातील का. हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही, कुठल्या तक्त्यात येत नाही. बायबलमधला प्रेषित पौलसुद्धा फिलिप्पै शहरात गेला तेव्हा शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी वेशीबाहेर नदीकाठी जाऊन बसला, जिथे बायका जमायच्या, आणि तिथेच त्याला लुदिया भेटली, जिने त्याचं ऐकून विश्वास ठेवला.

मार्कांबद्दलही बोलायला हवं. 'तुमच्याशी जुळणारी कुटुंबं' म्हणून त्यांनी आमच्यासारखं शिक्षण, आमच्यासारखी कमाई असलेल्या एरियांना जास्त मार्क दिले. यामागचा विचार जुना आहे, मंडळ्या कशा वाढतात याचा अभ्यास करणारे डोनाल्ड मॅकगॅव्हरन, जे 1897 मध्ये आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या दमोहला मिशनरी घरात जन्मले, त्यांचं म्हणणं होतं की जात, भाषा, वर्ग यांच्या भिंती ओलांडाव्या लागल्या नाहीत तर लोकांना ख्रिस्ती विश्वासात येणं सोपं जातं. सोपं जात असेल, पण म्हणून आपण फक्त आपल्यासारख्यांतच जायचं हे मला पटत नाही, मंडळी ही त्या भिंती पाडायलाच आहे. भाड्याने राहणारी कुटुंबं जास्त म्हणून ज्या एरियाचे मार्क कापले तिथल्या बागेत मला सगळ्यात जास्त बाबागाड्या दिसल्या. बाकावर बसलेली एक आई म्हणाली, ताई, इथे येऊन सात महिने झाले, मुलाच्या डॉक्टरांशिवाय कुणाला ओळखत नाही. मी घरी येऊन खूप वेळ रडले त्या रात्री.

तिथेच जायचं ठरलं. रिपोर्टमध्ये तो तिसऱ्या नंबरवर होता. आधी तिथल्या दोन्ही चर्चच्या पाळकांना भेटलो, दुसऱ्याची मेंढरं ओढायला आम्ही येत नाही हे समोर बसून सांगितलं, एकाने तर आमच्यासाठी प्रार्थना केली. त्या आईच्या मुलाची झोप अकराला असते, बागेतल्या आणखी चारपाच जणींनीही तेच सांगितलं, म्हणून उपासना साडेनऊला ठेवतोय. हॉल तळमजल्यावरचा घेतलाय, बाळांच्या खोलीला काचेचं दार आहे, आणि खुर्च्या भरल्या की लोकांना जागाच नाही असं वाटायला लागतं म्हणून थोडा मोठाच बघितला.

सर्व्हिसला आम्ही पुलाचा फोटो पाठवला, त्यांनी न कुरकुरता वेळेचा नकाशा करून दिला, ज्यादा पैसे न घेता, त्यामुळे तीनचे साडेतीन स्टार. ऑर्डर देतानाच तो नकाशा मागून घ्या.