संमोहन उपचाराच्या नावाखाली माझ्या डोक्यात घातलेली खोटी आठवण

हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहन उपचार, करून बघावी का, असा विचार करत असाल तर कुणाकडेही पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेलेच, पण त्याचं मला तेवढं वाटत नाही. एका माणसाने माझ्या सख्ख्या काकांविषयी एक भयंकर 'आठवण' माझ्या मनात तयार केली. ती खोटी आहे हे कळेपर्यंत मी काकांचे फोन घेणं बंद केलं होतं. आपण काय केलं हेही त्या बिचाऱ्यांना कळत नव्हतं.

मला आयबीएसचा, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचा जुना त्रास आहे. पोटात कळा येतात, पोट फुगतं, एक आठवडा जुलाब तर पुढचा आठवडा पोट साफच होत नाही. बाहेर पडायचं म्हटलं की आधी तिथे टॉयलेट कुठे असेल याचा विचार. सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले, पथ्यं झाली, औषधं बदलून झाली. शेवटी माझ्या डॉक्टरांनीच संमोहनाचं नाव काढलं.

ते काही चुकीचं बोलले नव्हते. हे आवर्जून सांगते, कारण माझी फसवणूक या खऱ्या गोष्टीच्या आडूनच झाली. मँचेस्टरच्या डॉक्टर पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. कशानेच गुण न आलेल्या आयबीएसच्या ३० रुग्णांवर तो केलेला होता, आणि संमोहन मिळालेल्या गटात ठळक सुधारणा दिसली. पुढे ब्रिटनमध्ये कुठल्या आजाराला कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, औषधांनी १२ महिन्यांत फरक पडला नाही तर विचारात घ्यायच्या मानसोपचारांत संमोहनाचाही समावेश झाला. म्हणजे आयबीएससाठी संमोहनाला आधार आहे. मात्र हाच आधार सगळीकडे नाही. सिगारेट सोडवण्यासाठी संमोहन इतर उपायांपेक्षा सरस ठरतं असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा आजही नाही, आणि तरीही जाहिरातींत सगळ्यात जास्त तेच विकलं जातं.

डॉक्टरांच्या ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळे शोध माझा मीच घेतला. ज्याच्याकडे पोचले त्याच्या जाहिरातीत आयबीएस होतंच. शिवाय निद्रानाश, वजन, व्यसन, परीक्षेची भीती, नवरा-बायकोची भांडणंही होती. सगळे त्याला 'सर' म्हणत. आधी एक मोफत कार्यक्रम झाला. सरांनी सगळ्यांना हात जोडायला सांगितले, बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. मग दोन्ही तर्जन्या सरळ वर करून त्यांच्यात थोडं अंतर ठेवायचं आणि त्या अंतराकडे बघत राहायचं. सर शांत आवाजात म्हणत होते, "बोटं जवळ येताहेत... तुम्ही थांबवू शकत नाही..." आणि खरंच बोटं जवळ येऊन टेकली. माझी, शेजारच्या बाईंची, जवळजवळ सगळ्यांची. सर म्हणाले, "बघा, तुमच्या अंतर्मनाने माझं ऐकलं."

आत्ता वाचता वाचता हात तसे धरून बघा. कुणी काही बोललं नाही तरी बोटं जवळ येतील. बाकीची बोटं घट्ट अडकवून तर्जन्या लांब धरल्या की स्नायूंवर ताण येतो आणि तो सैल पडताना बोटं आपोआप मिटतात. यात अंतर्मन नाही आणि सरांची शक्तीही नाही. पण त्या हॉलमध्ये बसलेल्या माणसाला वाटतं की याने माझ्यावर काहीतरी केलं, आणि पुढचं सगळं त्या एका क्षणावर उभं राहतं.

पहिल्या भेटीत रिपोर्टची फाइल माझ्या मांडीवर होती. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "रिपोर्ट शरीराचे असतात, आजार मनात असतो," एवढंच म्हणाले. हे किती धोक्याचं आहे ते मला नंतर समजलं. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, अशी लक्षणं असतील तर तो आयबीएस नसून दुसराच गंभीर आजार असू शकतो, आणि आधी तो तपासावा लागतो. जो माणूस हे विचारत नाही, तो आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णालाही खुर्चीत झोपवून सूचना देत बसेल.

मग पॅकेज. सगळे पैसे आधी भरायचे, सवलत फक्त त्याच दिवसापुरती. का, तर "पैसे भरले की अंतर्मनाला तुमचा निश्चय कळतो." मी शिक्षण विचारलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे हात केला. फ्रेम केलेली सर्टिफिकेटं होती, सोनेरी शिक्क्यांची, आंतरराष्ट्रीय नावांच्या संघटनांची. अशा सर्टिफिकेटांची किंमत काय असू शकते ते सांगते. अमेरिकेत स्टीव्ह आयकेल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या पाळीव मांजरीच्या नावाने अर्ज केले आणि एकाहून अधिक संघटनांकडून तिला प्रमाणित हिप्नोथेरपिस्टची सर्टिफिकेटं मिळवली. मांजरीचं नाव झोई. बनावट माहिती आणि फी, एवढ्यावर काम झालं. ब्रिटनसारख्या देशातही 'हिप्नोथेरपिस्ट' या नावाला कायद्याचं संरक्षण नाही. पाटी कुणीही लावू शकतं.

सुरुवातीची सेशन्स छान गेली, हेही खरं आहे. मंद आवाज, श्वासावर लक्ष, अंग सैल सोडणं. घरी येऊन मी शांत झोपायचे. अंग सैल सोडून तासभर पडलं की कुणालाही बरं वाटतं, पण माझा विश्वास बसला तो त्यामुळेच.

त्यानंतर सर म्हणाले की आता मूळ कारण शोधायचं. मला जिना उतरायला लावला, मनातल्या मनात, आणि खाली एका खोलीत नेलं. "तू लहान आहेस. खोलीत कोण आहे?" कुणीच नाही, मी म्हणाले. "नीट बघ. एक मोठा माणूस आहे ना?" मला दिसत नव्हतं. "दिसेल. मन लपवतंय." पुढच्या वेळी पुन्हा तीच खोली, तेच प्रश्न. मग मला दार दिसायला लागलं, निळं दार. मग दाराशी सावली. मग शर्टाची बाही. "हात ओळखीचा आहे?" आहे, मी म्हणाले. "घरातला माणूस आहे ना? वडील नाहीत ना? मग कोण?" हे 'मग कोण' त्यांनी इतक्या मायेने विचारलं की उत्तर न देणं म्हणजे त्यांचा विश्वासघात करणं, असं वाटलं. मी धाकट्या काकांचं नाव घेतलं आणि ओक्साबोक्शी रडले. सर म्हणाले, "सापडलं." त्याच दिवशी गोळ्या बंद करायला सांगितल्या, गोळ्या घेतल्या की अंतर्मनाला चुकीचा संदेश जातो म्हणे. आणि आणखी खोल जायचं तर मागच्या जन्माचं वेगळं पॅकेज होतं.

मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. काकांचा आवाज ऐकला तरी पोटात कळ यायची, आणि ती कळ हाच पुरावा वाटायचा. शेवटी ताईने खनपटीला बसून काढून घेतलं. तिने मला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, "निळं दार? अगं, ते दार आपल्या नव्या घराचं. तिथे आपण गेलो तेव्हा तू नववीत होतीस." सरांनी मला नेलं होतं ते चौथ्या-पाचव्या वर्षात. त्या वयात मी ते दार पाहिलेलंच नव्हतं. मग जुने फोटो काढले, आईला विचारलं. त्या वर्षांत काका नोकरीसाठी दूर होते, आमच्याकडे राहायला आले ते फार नंतर.

मेंदू असं करतो हे कधीचं माहीत आहे. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या अमेरिकन संशोधकांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणचे काही प्रसंग दिले. त्यांतला एक, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याचा, कधी घडलेलाच नव्हता. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांना तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला', आणि तोही कुठल्याही संमोहनाशिवाय. संमोहनात कल्पना आणखी मोकळी सुटते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने तर १९८५ सालीच सांगितलं होतं की संमोहनात निघालेल्या आठवणी जास्त खऱ्या असतात असं नाही. त्यांत रचलेलं बरंच मिसळतं आणि माणसाची त्यांवरची खात्री मात्र वाढू शकते. लहानपणी अत्याचार खरोखर होतात आणि ज्यांनी ते सोसले त्यांच्यावर मी तसूभरही शंका घेत नाही. माझा राग आहे तो दुखणाऱ्या माणसाला प्रश्नांतूनच उत्तर पुरवणाऱ्यावर.

उरलेले पैसे मागायला गेले तर सर म्हणाले, "हा तुमच्या मनाचा विरोध आहे. विरोध आला म्हणजे आपण मुळापर्यंत पोचलोय." बरं वाटलं तर सरांमुळे, त्रास वाढला तरी उपचार लागू पडतोय, आणि सोडून जायचं म्हटलं तर तो आजार. सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरांत पैसे परत मिळणार नाहीत असं होतं. तक्रार केली आहे, निकाल लागायचा आहे.

संमोहन मी पुन्हा घेतलं, या वेळी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, डॉक्टरांनी चौकशी करून दिलेल्या नावावरून. शोधताना मी एकच कसोटी लावली होती: संमोहन काढून घेतलं तरी या माणसाला माझ्या आजारावर उपचार करता येतात का? डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दंतवैद्य यांच्या हातात संमोहन हे एक साधन असतं. ज्याच्याकडे त्याशिवाय काहीच नाही त्याला प्रत्येक दुखणं संमोहनाचंच दिसतं. नोंदणी क्रमांक विचारा आणि तो नोंदणी मंडळाकडे स्वतः पडताळून बघा. फोनवर विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटत होता. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

या सायकॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्या भेटीत संमोहन केलंच नाही. रिपोर्ट वाचले, चालू गोळ्या लिहून घेतल्या, पूर्वी कधी भास होणं वगैरे काही झालंय का ते विचारलं, कारण सायकोसिससारख्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या, आजारात संमोहनाने त्रास वाढू शकतो. सगळ्यांना संमोहन सारखं लागत नाही, हेही आधीच सांगितलं. काही थोडे लोक संमोहनात फार सहज जातात, काही जवळजवळ जातच नाहीत, बाकीचे मधे कुठेतरी. हे मोजायच्या चाचण्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्येच तयार झाल्या. सेशन्स ठरावीक, आयबीएससाठी साधारण ७ ते १२, पैसे प्रत्येक वेळचे त्या त्या वेळी. ताईला सोबत बसू दिलं, रेकॉर्डिंग मला दिलं. सूचना फक्त पोटाविषयी: आतड्याची हालचाल संथ होतेय, पोटावर हाताची ऊब पसरतेय. लहानपणाचा विषयच निघाला नाही. आणि मी पूर्ण जागी होते. बाहेरचा हॉर्न ऐकू येत होता, डोळे उघडावेसे वाटले तेव्हा उघडले. त्रास गेलेला नाही, पण कळा बऱ्याच कमी झाल्या आहेत.

तुम्ही आधीच अशा कुणाकडे जात असाल तर चालू औषध त्याच्या सांगण्यावरून बंद करू नका; केलं असेल तर आजच तुमच्या डॉक्टरांना कळवा. पावत्या, मेसेज, जाहिरातीचे फोटो जपून ठेवा, सेशनमध्ये काय विचारलं ते तारखेसह लिहून काढा. तक्रार करताना मला नेमक्या याच गोष्टी लागल्या. आणि सेशनमध्ये घरातल्या कुणाविषयी काही 'निघालं' असेल, तर त्या माणसाला जाब विचारण्याआधी किंवा संबंध तोडण्याआधी संमोहन न करणाऱ्या एखाद्या सायकॉलॉजिस्टशी बोला. सोबत तो काळ पाहिलेल्या घरातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला जुनी घरं, जुनी वर्षं विचारा. मी काकांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या माणसाकडे अजून कुणी जात असेल तर त्यांना सांग."